दारोग्याचा उंट

दीपमालाने पुस्तकातलं बसचं तिकीट सातव्या प्रकरणातून काढलं आणि चौथ्यात घातलं. कर्नाटकात बायकांना बस फुकट झाल्यापासून तिकिटावर नुसतं शून्य येतं, पण खूण म्हणून ते चांगलं उपयोगी पडतं. आपलं हे काम कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून तिने मान वर केली.

करजगीच्या समाजमंदिरात सतरंज्या भरत आल्या होत्या. पुढे पाहुण्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक रांग होती आणि त्या रांगेच्या मधोमध तिचे वडील, बाबूलाल मास्तर, बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हात गुडघ्यांवर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आत्ता तपासणीला साहेब येतील अशा बेतानेच ते कुठेही बसत.

तिची आई, सोजराबाई, पाण्याचा तांब्या ठेवण्याच्या निमित्ताने टेबलापाशी आली.

"कोणतं वाचायलीस?"

"चौथं. किल्ला भीमा ओलांडतो त्ये."

"त्यात त्ये न्हाई ना?"

"न्हाई आई. त्यात निस्ता किल्ला हाय."

सोजराबाईंनी तांब्यावर फुलपात्र पालथं घातलं. मग उगाचच पुन्हा सुलटं केलं.

"आज तुज्या अप्पांनी माझ्या माहेरात दोन घास खाल्ले ना, माला, मला दुसरं काय नको बग."

'त्ये' म्हणजे उंट. हा शब्द मायलेकींनी इतकी वर्षं घरात उच्चारला नव्हता, की आता माहेरच्या गावातही तो त्यांच्या जिभेवर येईना.

गोष्ट जुनी होती. सोजराबाईंना बघायला बाबूलाल पहिल्यांदा करजगीला आले तेव्हा त्यांना कानडीचा गंध नव्हता. लहानपण उदगीरला मामाकडे गेलेलं. घरात मराठी आणि बाजारात दखनी उर्दू, एवढ्यावर त्यांचं सगळं भागत आलं होतं. दारात होणाऱ्या सासूबाई, चांगुणाबाई, उभ्या होत्या. प्रवासाने दमलेल्या पोराकडे बघून त्यांनी मायेने विचारलं, "ऊटा आयता?" कानडीत याचा अर्थ एवढाच, की जेवण झालं का. पण बाबूलालच्या कानाला ती दखनी वाटली. ऊंट आया था? बाई विचारतायत, उंट आला होता का. पाहुण्याला आणायला या बाजूला उंट पाठवत असतील; ज्या त्या गावची रीत. आपल्यामुळे कुणाचा उंट फुकट हेलपाटा घालून आला असेल तर बरं नाही, असं वाटून त्यांनी अदबीने उत्तर दिलं, "न्हाई, आम्ही जीपनं आलाव."

लग्न जमलं, पण नाव पडायचं ते पडलं. करजगीत बाबूलाल कायमचे उंटवाले जावई झाले. पहिली काही वर्षं त्यांनी हसून साजरं केलं. नोकरीसाठी कानडीची परीक्षा द्यावी लागली तेव्हा ती अशा इरेला पेटून दिली, की पुढे नोकरीच्या गावी, कमलनगरात, कुणाला कानडीत अर्ज लिहायचा झाला तर तो मास्तरांचं दार शोधत यायचा. पण करजगीला त्याचं काय? तिथे ते आले की लोक हातातलं काम टाकून विचारायचे, उंट कुठं बांधला?

मग मेव्हण्याच्या, तिप्पण्णाच्या, मुलीचं लग्न निघालं. मास्तर त्या लग्नाला आपल्या शाळेतल्या चार सहकाऱ्यांना घेऊन आले होते. पंगत बसली आणि तिप्पण्णाने, आनंदाच्या भरात, माइकवरून पुकारलं, "उंटवाल्या जावयांनी जेवायला बसून घ्यावं, उंटाला चारा मागून पाठवतो." सगळा मांडव हसला. सहकारीही हसले. मास्तर भरल्या ताटावरून उठले, हात धुतला आणि बसस्टँडवर जाऊन बसले. त्यानंतर सोजराबाई माहेरी एकट्याच जाऊ लागल्या. घरात उंट हा शब्द बंद झाला. शेजारच्या पोरांची उजळणी घेताना तक्त्यावर भलामोठा उंट असला तरी मास्तर 'उ उशीचा' म्हणून पुढे जात. बुद्धिबळातल्या उंटाला ते 'तिरका' म्हणत.

आणि अशा माणसाच्या लेकीने पुस्तक लिहिलं, त्यात उंट घातला.

पुस्तकाचं नाव होतं 'किल्ला निघाला फिरायला'. बेदरच्या सुलतानी काळातली, इतिहासाला चिमटे काढत जाणारी मनमुराद कादंबरी. वेढ्यांना आणि तोफांना कंटाळलेला एक किल्ला एके सकाळी साडीच्या निऱ्या उचलाव्यात तशी आपली तटबंदी उचलतो आणि चालू लागतो. सुलतान त्याला धरून आणायला फौज पाठवतो. त्या फौजेत शाही उंटाचा सांभाळ करणारा एक दारोगा आहे, नेकबख्त नावाचा. आणि पहिल्याच मुक्कामावर त्याच्याकडून उंट हरवतो. लातूरच्या प्रकाशकाने हस्तलिखित वाचून सांगितलं होतं, की मॅडम, किल्ला छान आहे, पण पुस्तक चालवतो तुमचा दारोगा.

दीपमाला कमलनगरच्या हायस्कुलात इतिहास शिकवायची. माणसाला पाचशे वर्षं मागे नेऊन डोक्यावर पागोटं चढवलं, की त्याला त्याची सख्खी आईसुद्धा ओळखत नाही, असा तिचा समज होता. लिहिणाऱ्यांचे असे पुष्कळ समज असतात. पुस्तक छापून हातात आलं, सातवं प्रकरण तिने बापाच्या डोळ्यांनी एकदा वाचलं. दारोगा पानापानातून गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. तिने पुस्तक घरी नेऊन कपाटात ठेवलं. मास्तरांनी मागितलं तेव्हा म्हणाली, अप्पा, बारीक टाइप आहे, डोळ्याचं ऑपरेशन होऊ द्या. मास्तर म्हणाले, बरं, मग तुझ्याच तोंडून ऐकतो. आणि नेमकं तिप्पण्णामामाने भाचीच्या कौतुकाचा कार्यक्रम गावात ठेवला. मास्तर येणार नाहीत असं सगळेच धरून चालले होते. ते आले. फक्त आदल्या रात्रीचा मुक्काम कलबुर्गीला केला आणि सकाळीच बजावून ठेवलं, "तीनच्या बसनं निगायचं. जेवण कलबुर्गीला करू."

हार झाले. तिप्पण्णामामाचं भाषण झालं. ते थोडं कानडीत, थोडं मराठीत आणि बरंचसं माइक ठीक करण्यात गेलं. मग दीपमाला उभी राहिली, तिकीट घातलेलं पान उघडलं आणि वाचू लागली.

"किल्ल्याने भीमेच्या पाण्यात आधी एक बुरूज बुडवून बघितला. पाणी गार होतं."

लोक हसले. दीपमालाला जरा धीर आला. तेवढ्यात तिप्पण्णामामाने बसल्या जागेवरून हात वर केला.

"माला, त्ये ऱ्हाऊ दे. उंटाचं वाच. पोरींनी मला घरी वाचून दाखीवलंय, पोट धरून हसलाव आम्ही."

"उंटाचं, उंटाचं," मागून बायकांनीही उचलून धरलं.

सोजराबाईंनी पदर तोंडाला लावला. दीपमालाने पुस्तक मिटलंही नाही आणि पुढचं वाचलंही नाही. तिने फक्त पहिल्या रांगेकडे पाहिलं. मास्तर सरळ समोर बघत होते.

"मामा, त्ये लांब हाय. येळ हुईल."

"हुऊ दे की."

"वाच," मास्तर म्हणाले. आवाजात ना राग होता ना लोभ. "लोक म्हणायलेत तर वाच."

दुसरा मार्ग नव्हता. दीपमालाने सातवं प्रकरण काढलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपलं लिहिणं वाईट असतं तर बरं झालं असतं, असं मनापासून वाटलं.

"दारोगा नेकबख्त वेशीतून गावात शिरला. घोडं त्याने बाहेरच बांधलं होतं आणि आपण साधे अत्तर विकणारे आहोत असं तोंड केलं होतं. शाही उंट हरवल्याची गोष्ट जगात फक्त तिघांना ठाऊक होती: सुलतानाला, दारोग्याला आणि उंटाला. पहिल्याच दारात एक म्हातारी बसली होती. तिने दारोग्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, 'ऊटा आयता?' दारोग्याच्या पायांखालची जमीन सरकली."

समाजमंदिर हसण्याने भरून गेलं. ज्यांना मास्तरांची गोष्ट माहीत होती ते हसले आणि ज्यांना नव्हती तेही हसले, कारण कानडी आणि दखनी दोन्ही कळणाऱ्या माणसाला तिथे समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. दोनतीन म्हाताऱ्या माणसांनी मात्र हळूच पहिल्या रांगेकडे बघून घेतलं. दीपमालाने खाली मान घालून पुढे रेटलं.

"'अजून आला नाही,' दारोगा कसाबसा म्हणाला. म्हातारीला त्याची भाषा कळली नाही, पण चेहरा कळला. ती हळहळली, आत गेली आणि भाकरी, भरल्या वांग्याची भाजी, शेंगांची चटणी असं ताट घेऊन आली. पुढच्या दारातही तेच झालं. त्याच्या पुढच्या दारातही. दारोग्याने सुलतानाला खलिता धाडला: 'खाविंद, घात झाला. या मुलखात आपल्या उंटाची खबर घरोघर पोचली आहे. म्हाताऱ्या विचारतात, सासुरवाशिणी विचारतात, विहिरीवर पाणी शेंदणारा गडीसुद्धा विचारतो. आणि आला नाही म्हटलं की या लोकांना इतकं वाईट वाटतं, की ते मला जेवायलाच घालतात.' सुलतानाचा उलट हुकूम आला: 'आणखी माहिती काढ.' दारोग्याने काढली. दिवस मावळेपर्यंत त्याने इतक्या घरांतून माहिती काढली, की त्याला घोड्यावर चढवायला दोघे लागले."

आता लोक एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होते. तिप्पण्णामामा उपरण्याने डोळे टिपत होता. मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. दीपमालाने पान उलटलं. ती वाचत गेली. सुलतानाने मग चौकशीला सगळी फौजच कशी पाठवली, प्रत्येक शिपायाला प्रत्येक दारात उंटाबद्दल कसं विचारलं गेलं, आणि किल्ला शेवटी सापडला तेव्हा त्याच्यामागे धावण्याजोगं पोट एकाचंही कसं उरलं नव्हतं. किल्ला नदीकाठी बसून जांभया देत होता आणि फौज चिंचेखाली घोरत होती. ती लढाई झालीच नाही.

शेवटचा तुकडा राहिला. त्यात विनोद फारसा नव्हता. प्रकाशकाने तो काढा म्हणून सुचवलं होतं आणि दीपमालाने का कोण जाणे, ऐकलं नव्हतं.

"सगळे झोपले तेव्हा दारोगा एकटा जागा होता. बेदरच्या दरबारात त्याने अर्धी हयात काढली होती. तिथे त्याला हुकूम मिळाले, शिव्या मिळाल्या, कधीमधी शाबासकीही मिळाली. पण त्याच्या उंटाची इतक्या मायेने चौकशी तिथे कुणी केली नव्हती. दारोग्याने डोळे पुसले आणि ठरवलं, उंट सापडलाच तर आधी इथे आणायचा आणि त्या पहिल्या म्हातारीला दाखवायचा."

इथे लोक गप्प होते. आणि त्या गप्पपणात पहिल्या रांगेतून एक आवाज आला. आधी तो खोकल्यासारखा वाटला. दीपमालाने घाबरून वर पाहिलं. मास्तर हसत होते. खांदे हलत होते, एक हात गुडघ्यावरून सुटून तोंडावर गेला होता, आणि जिथे कुणालाच हसू आलं नाही तिथे ते एकटे, थांबवता न येणारं हसू हसत होते.

"दाखवायचा म्हणं," ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले. "म्हातारीला."

टाळ्या वाजल्या. दीपमाला खाली बसली, तर तिप्पण्णामामा माइक घेऊन उभा. त्याचा चेहरा बघूनच तिला कळलं की आता काय येणार. हा दारोगा म्हणजे दुसरा कुणी नसून, असं तो म्हणणार. मांडवातलं लग्न पुन्हा एकदा लागणार. तिने त्याचा सदरा ओढायला हात पुढे केला. पण त्याआधी मास्तर उठले होते.

"एक विचारायचं हाय लेखिकेला," ते म्हणाले. वर्गात पोरगं उभं राहावं तसे ते लेकीपुढे उभे होते. "त्या दारोग्याला शेवटी कळतंय का, लोक काय विचारत व्हते?"

"न्हाई अप्पा. कळत न्हाई."

"कामून?"

"कळलं असतं तर लाजला असता. मग पुढच्या दारात गेलाच नसता."

तिप्पण्णामामा माइक छातीशी धरून उभा होता.

"उपाशी ऱ्हायला असता," मास्तर म्हणाले.

"व्हय."

"व्हय. बरोबर हाय." एवढं बोलून ते खाली बसले. तिप्पण्णामामाने माइककडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि "चहा घेतल्याबिगर कुणी जायचं न्हाई" एवढंच सांगून बटण बंद केलं.

दीपमालाचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. बापाने गावासमोर रागावणं टाळलं, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. मांडवातही ते एक शब्द बोलले नव्हते, नुसते उठले होते. खरी गोष्ट अजून पुढे होती. समाजमंदिरातून बसस्टँडकडे जाणारा रस्ता तिप्पण्णामामाच्या दारावरूनच जातो.

चौघेजण चालत निघाले. तिप्पण्णामामा पुढे, मास्तर त्याच्या मागे, मायलेकी सर्वांत मागे. घर आलं तसा मामा थांबला. या म्हणावं तर नकार यायचा, न म्हणावं तर पाहुणे जायचे; तो आपला उपरण्याला पीळ घालत उभा राहिला.

"भावजी," शेवटी तो म्हणाला, "अव्वा निस्ती बगायचं म्हणलालीय तुमाला. जेवण ऱ्हाऊ द्या."

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. मग फाटक लोटून ते आत गेले.

अव्वा, म्हणजे चांगुणाबाई, ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या. आता त्यांना नीट दिसत नव्हतं, ऐकू कमी येत होतं आणि घरातली नातवंडंही त्या आवाजावरून नाही, पावलांच्या हादऱ्यावरून ओळखत. जावयाने एक चप्पल काढली तशी त्यांनी मान वर केली. सोजराबाईंच्या लक्षात आलं आणि त्या लगबगीने पुढे झाल्या, पण उशीर झाला. उंबऱ्यात आलेल्या कुठल्याही माणसाला चांगुणाबाईंनी उभ्या जन्मात जे विचारलं होतं, तेच त्यांनी आताही विचारलं.

"ऊटा आयता?"

ओसरीवर सगळे जागच्या जागी थांबले. स्वयंपाकघराच्या दारात मामाची बायको हातात झारा घेऊन उभी राहिली. तिप्पण्णामामाने खाली मान घातली. दीपमालाने आईचा हात धरला, आईने तो घट्ट आवळला.

मास्तर एका पायात चप्पल घालून उभे होते. त्यांनी घसा साफ केला आणि अगदी शुद्ध, परीक्षेत पहिल्या वर्गात पास झालेल्या कानडीत, अदबीने उत्तर दिलं.

"इन्नू बंदिल्ला, अव्वा."

अजून आला नाही.

सोजराबाईंच्या तोंडून हसू निघालं की हुंदका, ते दीपमालाला कळलं नाही; पण हात मात्र आता सैल झाला होता. तिप्पण्णामामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"कोण आलं नाही?" चांगुणाबाईंनी कानडीतच विचारलं.

"उंट."

म्हातारीला कितपत ऐकू गेलं आणि कितपत आठवलं, कुणास ठाऊक. तिने हाताने चाचपून शेजारची चटई सारखी केली.

"येईल की," ती म्हणाली. "तो येईपर्यंत तू तरी जेवून घे."

मास्तरांनी दुसरी चप्पल काढली, पहिलीच्या शेजारी ठेवली आणि हात धुवायला पाणी मागितलं.